बॅग ओढणारा टग दुपारीच बसतो? बॅटरी बदलण्याआधी डॉलीचे ब्रेक बघा

रात्रभर चार्जिंगला लावलेला टग, म्हणजे विमानतळावर बॅगांच्या गाड्या ओढणारी बॅटरीची छोटी ओढगाडी, सकाळी झोकात निघतो. चार-पाच विमानांचं सामान ओढतो आणि दुपारी दोनच्या सुमाराला भर रॅम्पवर, विमानं उभी असतात तिथेच, रांगायला लागतो. डिस्प्लेवरचे बॅटरीचे दांडे भराभर उतरतात, मोटरला करंट देणारा कंट्रोलर वेग कापतो आणि मागे जोडलेल्या, बॅगांनी भरलेल्या चार डॉली (बिनइंजिनाच्या चाकगाड्या) अडकून पडतात. मग दुसरा टग बोलवा, डॉली सोडा, जोडा आणि आजारी टग ओढत चार्जरला न्या. तिकडे बेल्टवर लोक बॅगांची वाट बघत उभे.

ही तक्रार आमच्या लोहगाव रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये इतक्यांदा आली की मी शेवटी सगळं वहीत लिहून काढलं. त्यातलं जे कामाचं आहे ते इथे देतो. टग, बॅगेज ट्रॅक्टर किंवा रॅम्पवरची बॅटरीची कुठलीही गाडी सांभाळणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी माझी चूक सांगतो. एका ग्राहकाचा ८० व्होल्टचा टग दुपारी बसायचा. बॅटरी तपासली, खरोखरच खराब निघाली, नवी बसवली. टग छान चालला. आठ महिन्यांनी तोच टग, तीच वेळ, तीच तक्रार. बॅटरी पुन्हा तपासली, पुन्हा खराब. आम्ही चार्जरवर संशय घेतला, चार्जर बदलला आणि बॅटरीचे कमकुवत सेल बदलले. पाच महिन्यांनी परत तेच. दोन्ही वेळा बॅटरी खरंच मेली होती, त्यामुळे निदान बरोबर आहे असं वाटत राहिलं. ती मरते का, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या वेळी आमचे ज्येष्ठ मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, "अरे, बैल दमतोय म्हणून बैल बदलत बसलायस. गाडीचं चाक फिरतंय का ते बघितलंस?"

तिथून खरा तपास सुरू झाला.

पहिली चाचणी: टग तोच, डॉली वेगळ्या

याला एक दिवसही लागत नाही आणि हत्यारांत फक्त डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. साधा, फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे चालत नाही, हे नव्या पोरांना आवर्जून सांगतो. बॅटरीच्या मुख्य केबलला क्लॅम्प लावा. आधी टग एकटाच सपाट जागी एकसारख्या वेगाने चालवा आणि करंट लिहून घ्या. मग रोजच्याच चार डॉली रिकाम्या जोडा, तोच रस्ता, तोच वेग, पुन्हा आकडा लिहा. मग त्या सोडून दुसऱ्या चार डॉली जोडा.

डॉली बदलल्यावर करंट लक्षात येईल इतका खाली आला, तर दुखणं टगमध्ये नाही. आकडा सगळीकडे सारखाच चढा राहिला, तर टगचाच ब्रेक, बेअरिंग किंवा मोटर बघा. आणि आकडे सगळीकडे व्यवस्थित असूनही टग दुपारी बसत असेल, तरच थेट बॅटरीकडे वळा.

आमच्या त्या टगवर पहिल्या चार डॉलींना जेवढा करंट लागत होता, त्याच्या जेमतेम अर्धा दुसऱ्या चार डॉलींना लागला. रिकाम्या असताना. मी मीटरच बिघडला समजून दुसरा मागवला होता.

एवढा फरक कशाने पडतो

थोडा हिशोब करतो. सिमेंटच्या सपाट रॅम्पवर भरीव रबरी चाकांची गाडी चालती ठेवायला तिच्या वजनाच्या साधारण दीड टक्का ओढ लागते. टग चार टनांचा धरा. डॉली ६०० किलोची, तिच्यावर १५ किलोच्या ४० बॅगा म्हणजे आणखी ६०० किलो. अशा चार डॉली आणि टग मिळून ८.८ टन. दीड टक्क्याने ओढ आली १३२ किलो. ताशी १० किलोमीटर वेग आणि मोटरपासून चाकापर्यंतची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ८० व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ६० अँपिअर जातात.

आता प्रत्येक डॉलीचा ब्रेक थोडासाच धरतोय, समजा ३० किलोइतका. ड्रायव्हरला जाणवणारही नाही. पण चार डॉलींचे १२० किलो वाढले. ओढ झाली २५२ किलो आणि करंट ११५ अँपिअरच्या घरात. ४०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ८० टक्के, म्हणजे ३२० अँपिअर-तास वापरायचे म्हटले, तर एकीकडे चाकं फिरती असण्याचे सव्वापाच तास मिळतात आणि दुसरीकडे पावणेतीन. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून करंट जितका जोरात ओढाल तितकी तिची एकूण क्षमता कमी मिळते. सकाळी सहाला निघालेला टग दोनला का बसतो, ते या हिशोबात दिसतं.

बॅटरी बदलल्यावर काही महिने बरं का वाटतं, तेही यातच आहे. नव्या बॅटरीत पुरेशी शिल्लक असते, ती तो जास्तीचा भार सोसते. पण रोज ८० टक्क्यांहून जास्त उपसली जाते. खोल डिस्चार्ज झालेल्या प्लेटवर लेड सल्फेटचे खडे धरतात, चार्जिंगने ते पूर्ण विरघळत नाहीत आणि क्षमता घटत जाते. घटलेली क्षमता, तोच भार, म्हणजे आणखी खोल डिस्चार्ज. काही महिन्यांत नवी बॅटरी जुनी होते आणि वर्कशॉपमध्ये पुन्हा "बॅटरी खराब" असा शेरा पडतो.

डॉलीचा ब्रेक कुठे धरतो

बॅगेज डॉलीला वेगळा ब्रेक पेडल नसतो. दांडी उभी केली की ब्रेक लागतो, दांडी खाली घेऊन टगला अडकवली की सुटतो. दांडीच्या बुंध्याशी कॅम किंवा लिंक असते, तिथून सळई किंवा केबल ब्रेक शूपर्यंत (चाकाच्या ड्रमला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्टीपर्यंत) जाते आणि स्प्रिंग शूला परत खेचते. साधी, मजबूत रचना आहे. पण दांडी खाली आली म्हणजे ब्रेक सुटलाच असेल, असं सगळे गृहीत धरतात. आम्हीही धरलं होतं.

आम्हाला तीन ठिकाणी दोष सापडले आणि तिसरा सापडायला सर्वांत उशीर लागला.

पहिला गंज. पुण्याच्या पावसाळ्यात डॉली उघड्यावर भिजत असतात. चार दिवस न हललेल्या डॉलीचा शू ड्रमला चिकटतो. केबलच्या कवचात पाणी शिरतं आणि केबल सरकायची थांबते. आमच्याकडे या तक्रारी जून-जुलैत वाढतात आणि त्याचं बिल बॅटरीच्या नावाने ऑक्टोबरात फाटतं.

दुसरा, परत खेचणारी स्प्रिंग. ती मऊ पडते, ताणलेली राहते, पण तुटत नाही, म्हणून नजरेला ठीक दिसते. काढून नवीन स्प्रिंगशेजारी ठेवलीत की लांबीतला फरक लगेच कळतो. नाना पेठेत मिळणाऱ्या तयार स्प्रिंगांपैकी एक जवळपास त्याच मापाची होती, ती लावून बघितली. ताण कमी पडला. शेवटी मूळ स्प्रिंगचा नमुना देऊन भोसरीतून करून घेतल्या. जवळपासचं माप इथे चालत नाही, हे शिकलो.

तिसरा दोष म्हणजे दांडीची उंची. टगच्या मागच्या हिचला, म्हणजे दांडी अडकवायच्या जोडणीला, दोन-तीन पायऱ्या असतात, वेगवेगळ्या उंचीच्या गाड्या जोडता याव्यात म्हणून. ड्रायव्हर घाईत असला की वाकायला कमी लागतं म्हणून दांडी वरच्या पायरीत अडकवतो. दांडी आडवी राहायच्या ऐवजी चढती राहते, बुंध्याचा कॅम थोडा फिरलेलाच राहतो आणि पहिल्या डॉलीचा ब्रेक दिवसभर हलकासा लागलेला राहतो. एका ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, खालच्या पायरीत पिन टाकायला गुडघा टेकवावा लागतो. उन्हात सिमेंट किती तापतं माहितीये ना?" त्याचं म्हणणं रास्त होतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो आणि रॅम्पवर सावली नसते. त्याला नियम सांगून उपयोग नव्हता. आम्ही पिनला लांब मूठ वेल्ड करून दिली आणि बरोबर पायरीवर पिवळा पट्टा मारला. त्यानंतर पिन खालीच पडायला लागली.

दोन वेगळ्या बनावटींच्या डॉली एकामागे एक जोडल्या तरी हेच होतं. पुढच्या डॉलीचा मागचा हूक उंच आणि मागच्या डॉलीची दांडी ठेंगणी, की त्या मागच्या डॉलीचा ब्रेक धरतो. म्हणून एकाच बनावटीच्या डॉली एकत्र ठेवा.

कोणती डॉली दोषी, ते कसं ओळखायचं

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे लटकवायचा वजनकाटा. ताण मोजणारा डिजिटल काटा दांडीला अडकवा, दांडी टगच्या हिचइतक्या उंचीवर धरा आणि रिकामी डॉली हळू, सरळ ओढा. आमच्या चांगल्या डॉली १० ते १५ किलोत हलतात. दोषी डॉलीला ४० लागले.

रॅम्प अगदी सपाट कधीच नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो, विमान उभं राहतं त्या जागी कमाल एक टक्का. एक टक्का म्हणजे ६०० किलोच्या डॉलीवर सहा किलो. एका दिशेने ओढून आकडा घेतलात तर चांगली डॉली वाईट ठरेल किंवा वाईट डॉली सुटून जाईल. म्हणून दोन्ही दिशांनी ओढा आणि सरासरी काढा.

दुसरा मार्ग, हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) तापमान. दोन-तीन फेऱ्या मारून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक हब बघा. हे पहाटे किंवा रात्री करा. दुपारी उन्हाकडची चाकं अशीही तापलेली असतात आणि आकड्यांचा काही अर्थ लागत नाही. एकाच डॉलीच्या डाव्या-उजव्या हबमध्ये ठळक फरक असेल तर गरम बाजूला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. कोणतं ते ठरवायला चाक जॅकवर घ्या. बाकी चाकांना गुटके लावल्याशिवाय जॅक लावू नका, कारण दांडी खाली असताना त्या डॉलीला ब्रेक नसतो. चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येतो आणि एका जागी अडतं, तर शू. खरखर पूर्ण फेरीभर आणि चाक आडवं हलवल्यावर खेळ, तर बेअरिंग.

हत्याराशिवाय कळणारी एक खूणही आहे. भरीव टायर एका जागी चपटा झालेला दिसला की ती डॉली कधीतरी ब्रेक लागलेला असताना फरफटत नेलेली आहे. ती यादीत वर घ्या.

एक गोष्ट कृपा करून करू नका

ब्रेक धरतोय म्हणून केबल काढून टाकलेली डॉली मी स्वतः बघितली आहे. ओढायला हलकी, ड्रायव्हर खूश, टगही दुपारी बसत नाही. पण अशी डॉली बेवर, म्हणजे विमान उभं राहायच्या जागी, सोडली की तिला थांबवणारं काही उरत नाही. वळणाऱ्या विमानाच्या इंजिनाचा झोत किंवा वळवाच्या आधीचं वारं तिला सहज ढकलतं. समोर विमानाचं पातळ पत्र्याचं अंग असतं आणि विमानाखाली वाकून काम करणारी माणसं असतात. लोडरांच्या मधून ब्रेक नसलेलं ६०० किलोचं लोखंड घरंगळत जाणं मला डोळ्यांसमोर आणवत नाही. ब्रेक धरतोय तर डॉली बाजूला काढा, तिला लाल चिठ्ठी लावा, एक डॉली कमी घेऊन काम करा. केबल काढू नका.

डॉली दुरुस्त झाल्यावर बॅटरीकडे

इतके महिने उपसली गेलेली बॅटरी किती वाचली आहे हे आता बघायचं. गॉगल आणि रबरी हातमोजे घाला, अंगठी-कडं काढून ठेवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडं हवं आणि हवा खेळती हवी. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. ॲसिड सांडलं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टाका, तो जवळच ठेवत जा.

८० व्होल्टच्या बॅटरीत ४० सेल असतात. त्यांना खडूने नंबर द्या. पूर्ण चार्जनंतर प्रत्येकाची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) हायड्रोमीटरने घ्या. ट्रॅक्शन (गाडी ओढणाऱ्या) बॅटरीत ती साधारण १.२८० असते, पण काही कंपन्या उष्ण हवेसाठी कमी ठेवतात, म्हणून बॅटरीवरची पाटी वाचा. तापमानाचा हिशोब धरा: २७ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे. ४२ अंश असलेल्या सेलला जवळपास ०.०१० मिळवावे लागतात. हे विसरल्यामुळे उन्हाळ्यात चांगले सेल आजारी ठरलेले मी पाहिले आहेत.

सगळे सेल सारखेच खाली असतील तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीला आणणारा जादा चार्ज) द्या, काही वेळा बॅटरी बऱ्यापैकी सावरते. एक-दोन सेलच बाकीच्यांपेक्षा ०.०३० किंवा जास्त खाली असतील आणि इक्वलायझिंगनंतरही वर येत नसतील, तर ते बदलावे लागतील. खात्रीसाठी टग भारावर चालवत असताना त्या सेलचा व्होल्टेज बघा. बाकीचे १.९ च्या वर आणि हा १.७ कडे घसरतोय, तर चोर सापडला.

पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही. आधी भरलं की चार्जिंगमध्ये पातळी वाढते, ॲसिड बाहेर सांडतं, ट्रे खातं आणि पुढच्या वेळी ग्रॅव्हिटी कमी दिसते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हा मात्र त्या बुडेपर्यंत आधी घाला. फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी नाही. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून वरून ॲसिड तर कधीच नाही.

केबलचे लग्ज (टोकाचे धातूचे जोड) हाताने चाचपा. ढिल्या लगवर १०० अँपिअरला अर्धा व्होल्ट पडला तर तिथे ५० वॅट नुसते तापण्यात जातात. नवी बॅटरी किंवा चार्जर बसवल्यावर डिस्प्ले त्या बॅटरीला जुळवून घ्या, नाहीतर दांडे खोटं बोलत राहतात.

लिथियमची बॅटरी घेतली तर हे सगळं टळेल का, असं बरेच जण विचारतात. पाणी आणि ग्रॅव्हिटी टळेल, मधल्या सुट्टीत चार्जिंगही करता येईल, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळासारख्या ठिकाणी त्याचा फायदा मोठा आहे. हा वायुसेनेचा तळ आहे, त्यामुळे नागरी विमानं मिळालेल्या वेळांत दाटीने येतात आणि टगला लांब विश्रांती मिळत नाही. पण धरणारा ब्रेक लिथियमचेही तास खाईल.

वृद्ध आणि व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना नेणाऱ्या बॅटरीच्या बग्गीचंही असंच. ४८ व्होल्ट, बहुतेकदा आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. "बग्गी लवकर उतरते" म्हणून आलेल्या शेवटच्या दोन बग्ग्यांमध्ये हातब्रेकची केबल ताणलेली निघाली. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. प्रवाशांच्या बसला एअर ब्रेक असतात, तिथली दुरुस्ती वेगळी, पण हबचं तापमान बघायची सवय तिथेही कामाला येते.

आता आम्ही प्रत्येक डॉलीवर नंबर रंगवला आहे आणि मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, काट्याने ओढून आकडा वहीत लिहितो. २० किलोच्या वर गेली की डॉली आत. तो टग त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच बॅटरीवर चालला, दुपारी बसल्याचा फोन आला नाही. सध्या सात आणि अकरा नंबरच्या डॉली लाल चिठ्ठी लावून उभ्या आहेत. भोसरीहून स्प्रिंगा शुक्रवारी येणार आहेत, त्या बसवून दोन्ही बाजूंनी ओढून बघेन.